अंबरनाथच्या काळ्या दगडात पहिल्या जीवाची खूण सापडेल का? प्राचीन खडकांतला रासायनिक पुरावा, सोप्या भाषेत

अंबरनाथचं शिवमंदिर तुम्ही पाहिलं असेल. तिथला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. वालधुनीच्या काठी काळ्या दगडात उभं असलेलं शिलाहारकालीन देऊळ आपल्याला फार जुनं वाटतं. पण ज्या दगडात ते घडवलं, तो दगड देवळापेक्षा हजारो पटींनी जुना आहे. आणि पृथ्वीवरचे पहिले जीव त्या दगडापेक्षाही पन्नासएक पटींनी जुने आहेत.

'साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात जीवसृष्टीचा पुरावा सापडला' अशी बातमी अधूनमधून मोबाइलवर येते. बातमीखाली प्रश्नही ठरलेले असतात. इतक्या जुन्या दगडात काय शिल्लक राहणार? हे कळतं कसं? आणि असं काही आपल्याकडे, उल्हासनगर-बदलापूरच्या खदानीत सापडेल का? या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देत आहोत.

थोडक्यात

- पहिले जीव सूक्ष्म होते. त्यांना हाडं नव्हती, कवच नव्हतं. त्यामुळे त्यांचा पुरावा बहुतेक वेळा आकारात नसून खडकातल्या रसायनात शोधावा लागतो.
- सर्वात महत्त्वाची खूण म्हणजे हलक्या आणि जड कार्बनचं बदललेलं प्रमाण.
- उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथला काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. पहिल्या जीवाच्या शोधासाठी तो फारच तरुण आहे.
- महाराष्ट्रात खूप जुने खडक आहेत, पण ते पूर्व विदर्भात, दक्षिण कोकणात किंवा या काळ्या पाषाणाच्या खाली दडलेले आहेत.
- दावा पक्का ठरायला तीन गोष्टी लागतात: खडक खरंच जुना असणं, त्यातली खूण खडकाइतकीच जुनी असणं आणि ती खूण जीवाशिवाय तयार न होणं.

आपल्या पायाखाली काय आहे?

कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाताना दिसणारे डोंगर, मलंगगडाचे कडे आणि आजूबाजूच्या खडी काढणाऱ्या खदानी हे सगळं एकाच प्रकारच्या खडकाचं आहे. त्याला भूशास्त्रात बेसॉल्ट म्हणतात, बोलीत काळा पाषाण. जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे लोट बाहेर पडले, पसरले, थिजले. त्यावर पुढचे लोट आले. अशा थरांवर थर चढून दख्खनचं पठार तयार झालं. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भाग या खडकानं झाकलेला आहे.

लाव्हा बाहेर येतो तेव्हा त्याचं तापमान हजार अंशांच्या वर असतं. अशा रसात कुठलाही जीव किंवा जीवाचे रेणू टिकत नाहीत. दोन लोटांच्या मधल्या काळात तळी साचली, गाळ जमला, तिथे मात्र जीवाश्म मिळतात. मुंबईत वरळीजवळच्या अशाच गाळाच्या थरात छोट्या बेडकांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकात सापडले होते. पण ते बेडूक होते, म्हणजे जीवसृष्टीच्या गोष्टीतलं अगदी अलीकडचं पान.

अलीकडचं म्हणजे किती? लोकलमध्ये बसून मोजूया

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे. सीएसएमटी ते बदलापूर हे रेल्वेचं अंतर सुमारे ६८ किलोमीटर. आता समजा, सीएसएमटीला पृथ्वी जन्मली आणि गाडी बदलापूरला पोचते तो क्षण म्हणजे आज. या हिशेबानं एक किलोमीटर म्हणजे जवळपास ६ कोटी ७० लाख वर्षं.

- शीवच्या आसपास: ३७० कोटी वर्षांपूर्वीचा काळ. ग्रीनलँडच्या खडकांतल्या वादग्रस्त खुणा इथल्या.
- कुर्ला ते विद्याविहार: सुमारे ३४८ ते ३३३ कोटी वर्षांपूर्वी. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतले बरेच भक्कम पुरावे या टप्प्यातले.
- मुलुंड सोडून ठाण्याकडे: हवेत प्राणवायू पहिल्यांदा लक्षणीय प्रमाणात साठू लागला.
- अंबरनाथ: डोळ्यांना दिसतील असे पहिले प्राणी.
- बदलापूर यायला एक किलोमीटर बाकी: दख्खनचा लाव्हा. आपला काळा पाषाण.
- शेवटचे चार-पाच मीटर: आपण, म्हणजे आधुनिक माणूस.

शीवपासून अंबरनाथपर्यंतच्या जवळजवळ सगळ्या प्रवासात पृथ्वीवर मुख्यतः सूक्ष्मजीवच होते. जीवसृष्टीच्या इतिहासाचा एवढा मोठा भाग ज्यांचा आहे, त्यांनी मागे सांगाडे ठेवलेले नाहीत. म्हणून रसायनाकडे वळावं लागतं.

रासायनिक पुरावा म्हणजे नेमकं काय?

*१. हलका आणि जड कार्बन*

निसर्गात टिकाऊ कार्बन दोन प्रकारचा असतो. कार्बन-१२ हलका आणि कार्बन-१३ थोडा जड. यांना समस्थानिक म्हणतात. दर शंभर अणूंत सुमारे ९९ हलके आणि एक जड असतो.

वनस्पती आणि प्रकाशावर जगणारे सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर बनवतात. या क्रियेत हलका कार्बन किंचित सहज वापरला जातो. गर्दीच्या वेळी कर्जत लोकल पकडताना हातात कमी सामान असलेला माणूस आधी आत शिरतो, तसंच काहीसं. जड कार्बन बाहेर राहतो असं नाही, पण तो थोडा मागे पडतो.

परिणाम मोजता येतो. समुद्रात तयार झालेल्या चुनखडीशी तुलना केली, तर जीवांपासून बनलेल्या कार्बनमध्ये जड कार्बन साधारण हजारामागे २५ नं कमी भरतो. जीव मेला, कुजला, गाळात गेला, गाळाचा खडक झाला, खडक तापून त्यातल्या कार्बनचं ग्राफाइट झालं, म्हणजे पेन्सिलीत असतं ते. तरीही हे प्रमाण बऱ्याच अंशी टिकू शकतं. शरीर संपतं, पण त्यानं केलेली निवड खडकात नोंदलेली राहते.

*२. गंधक*

काही सूक्ष्मजीव प्राणवायूऐवजी सल्फेट वापरून श्वसन करतात. तेही हलकं गंधक आधी वापरतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात 'नॉर्थ पोल' असं गमतीदार नाव पडलेली एक रखरखीत, उष्ण जागा आहे. तिथल्या सुमारे ३४७ कोटी वर्षं जुन्या खडकांत गंधकाची अशी खूण मिळाल्याचं २००१ मध्ये मांडलं गेलं.

*३. जीवांचे रेणू*

जीवाणूंच्या पेशींभोवतीच्या आवरणात काही खास रेणू असतात. ते खडकात बदलून 'होपेन' नावाच्या संयुगांच्या रूपात टिकतात. आपल्यासारख्या, पेशीत केंद्रक असलेल्या जीवांच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलसारख्या रेणूंपासून 'स्टेरेन' बनतात. हे रेणू म्हणजे जीवाची जवळजवळ सहीच. पण ते फार नाजूक असतात. खडक फार तापला की तुटतात. आणि दुसरीकडून सहज येऊनही बसतात. त्याबद्दल पुढे.

नुसतं दिसण्यावर का विसंबायचं नाही?

काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट स्फटिक तुम्ही पाहिले असतील. दख्खनच्या खडकांत अकीकही मिळतो. त्याचा एक प्रकार 'शेवाळी अकीक' म्हणून ओळखला जातो. आत हिरव्या, काळपट फांद्या पसरलेल्या दिसतात. प्रत्यक्षात त्यात शेवाळ नसतं. ती खनिजांची वाढ असते. दगडाच्या भेगेत मँगनीजची अशीच नक्षी तयार होते आणि ती हुबेहूब नेच्याच्या पानासारखी दिसते. ती पाहून अनेकांना जीवाश्म सापडल्याचा भास होतो.

हीच अडचण शास्त्रज्ञांनाही येते. १९९३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम शॉफ यांनी ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ३४६ कोटी वर्षं जुन्या खडकात सूक्ष्मजीवांचे तंतुमय जीवाश्म ओळखल्याचं जाहीर केलं. ते पाठ्यपुस्तकांत गेले. २००२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ मार्टिन ब्रेझियर आणि सहकाऱ्यांनी त्याच नमुन्यांची पुन्हा तपासणी केली. हा खडक समुद्रतळावरचा शांत गाळ नसून गरम पाण्याच्या भेगेत भरलेलं द्रव्य आहे आणि ते 'तंतू' खनिजांमुळे तयार झालेले असू शकतात, असं त्यांनी मांडलं. तो वाद पुढे बरीच वर्षं चालला. शिकवण एकच: आकार पुरेसा नाही. आकार, रसायन आणि खडक तयार झाला ती जागा, तिन्हींची साक्ष जुळायला हवी.

गाजलेले दावे आणि त्यांचं पुढे काय झालं

अकिलिया, ग्रीनलँड, १९९६. सुमारे ३८५ कोटी वर्षं जुन्या मानलेल्या खडकात, ॲपेटाइट नावाच्या खनिजाच्या कणांत अडकलेला हलका कार्बन सापडल्याचं जाहीर झालं. पुढे प्रश्न उभे राहिले. हा खडक मुळात गाळाचा आहे का? ग्राफाइट जीवाशिवाय, खनिज तापून तयार झालं असेल का? पुनर्तपासणीत तर त्या ॲपेटाइटमध्ये सांगितल्यासारखं ग्राफाइट मिळालं नाही. आज हा दावा भक्कम मानला जात नाही.

इसुआ, ग्रीनलँड, १९९९. डेन्मार्कचे मिनिक रोझिंग यांना ३७० कोटी वर्षांहून जुन्या गाळाच्या खडकात ग्राफाइटचे बारीक गोल कण मिळाले. त्यातला जड कार्बन हजारामागे १९ नं कमी होता. खडक खूप तापलेला, दाबलेला आहे. तरी मूळ गाळाची ओळख टिकून आहे. जीवसृष्टीच्या सर्वात जुन्या खुणांमध्ये हा दावा आजही गांभीर्यानं घेतला जातो.

इसुआ, पुन्हा, २०१६. याच भागात ३७० कोटी वर्षं जुने स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांनी रचलेले उंचवटे, मिळाल्याचं जाहीर झालं. २०१८ मध्ये दुसऱ्या गटानं दाखवलं की खडक दाबला जाऊन, वाकूनही असे उंचवटे होऊ शकतात.

जॅक हिल्स, ऑस्ट्रेलिया, २०१५. ४१० कोटी वर्षं जुन्या झिरकॉनच्या एका कणात ग्राफाइट मिळालं. जड कार्बन हजारामागे २४ नं कमी, म्हणजे जीवांच्या कार्बनशी जुळणारा. पण दहा हजारांहून अधिक कण चाळून मिळालेला तो एकच कण. एका कणावर एवढी मोठी गोष्ट उभी करता येत नाही, हे संशोधकांनाही मान्य आहे.

हलका कार्बन म्हणजे जीव, असं सरळ समीकरण का नाही? कारण गरम पाणी आणि काही खनिजं यांच्या रासायनिक क्रियेतूनही हलका कार्बन असलेली संयुगं बनतात. प्रयोगशाळेत हे करून दाखवलेलं आहे. उल्कांमधूनही कार्बन येतो. म्हणून कार्बनचा आकडा ही साक्ष आहे, निकाल नाही.

भेसळीचा धोका: तेल, धूर आणि माणसाचे हात

आता समजा, तुम्ही अंबरनाथच्या औद्योगिक भागाजवळून किंवा वालधुनीच्या पात्रातून एक दगड उचललात आणि प्रयोगशाळेत दिलात. त्यात होपेन मिळण्याची बरीच शक्यता आहे! कारण होपेन खनिज तेलात असतात. डिझेलचा धूर, गाड्यांचं सांडलेलं ऑइल, यंत्रांचं वंगण यांतून ते सगळीकडे पसरतात. वालधुनीच्या प्रदूषणाच्या बातम्या इथल्या लोकांना नव्या नाहीत. त्या दगडातली खूण जीवाचीच असेल, पण ती आली असेल कालच्या टँकरमधून.

हे उदाहरण काल्पनिक असलं, तरी अशी चूक खरोखर घडली आहे. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सुमारे २७० कोटी वर्षं जुन्या खडकात स्टेरेन आणि होपेन सापडल्याची मोठी बातमी झाली. त्यावरून केंद्रक असलेल्या पेशी इतक्या आधी होत्या, असं मानलं गेलं. २००८ मध्ये त्याच खडकांच्या कार्बनची अधिक बारकाईनं मोजणी झाली आणि हे रेणू खडकात नंतर शिरले असल्याचं दिसलं. मग याच भागात मुद्दाम, तेलाची भेसळ होऊ नये अशी काळजी घेऊन नवी विवरं खोदली गेली. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: स्वच्छ नमुन्यांत ते रेणू मिळाले नाहीत.

या दाव्यावर दहा-पंधरा वर्षं पुढचं संशोधन उभं राहिलं होतं. ते सगळं पुन्हा तपासावं लागलं. विज्ञानात 'सापडलं' या शब्दाला इतकी किंमत का मोजावी लागते, ते इथे कळतं.

खडकाचं वय कसं कळतं?

झिरकॉन नावाचं एक चिवट खनिज असतं. ते तयार होताना त्यात थोडं युरेनियम अडकतं, शिसं मात्र जवळजवळ शिरत नाही. युरेनियमचं ठरावीक वेगानं शिशात रूपांतर होत राहतं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. म्हणून दोघांचं प्रमाण मोजलं की वय निघतं. गाळाच्या खडकाचं वय असं थेट मोजणं कठीण असतं. मग त्याच्या वर-खाली असलेल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थरांचं वय मोजून मधल्या गाळाचं वय ठरवतात.

मग महाराष्ट्रात जुने खडक कुठे आहेत?

काळा पाषाण ही वरची गोधडी आहे. ती जिथे संपते किंवा झिजली आहे, तिथे खालचं जुनं जग दिसतं.

चंद्रपूर-यवतमाळ. पैनगंगेच्या खोऱ्यातली चुनखडी सुमारे शंभर कोटी वर्षांच्या घरातली आहे. याच दगडावर चंद्रपूर जिल्ह्यातले सिमेंट कारखाने चालतात. उथळ समुद्रात साचलेल्या अशा चुनखडीत त्या काळच्या पाण्याची आणि जीवांची रासायनिक नोंद असते.

गडचिरोली. हा भाग बस्तरच्या प्राचीन भूखंडाला जोडलेला आहे. सुरजागडचं लोहखनिज अशाच पट्टेदार लोहखडकांतून आलेलं आहे. सुरुवातीच्या समुद्रात लोह विरघळलेलं होतं. प्राणवायूशी किंवा सूक्ष्मजीवांशी गाठ पडल्यावर ते गंजासारखं तळाशी बसलं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्या लोखंडावरून आज खाणींचे, जंगलाचे वाद चालतात, त्याच्या साठण्यात सूक्ष्मजीवांचा हात असण्याची दाट शक्यता आहे.

सिंधुदुर्ग, गोवा आणि सीमाभाग. रेडीच्या आणि गोव्याच्या लोहखाणी ज्या खडकांत आहेत, ते कर्नाटकातल्या धारवाड खडकांचे भाईबंद आहेत. धारवाड पट्ट्यात, चित्रदुर्गकडे, अडीचशे कोटींहून अधिक वर्षं जुने स्ट्रोमॅटोलाइट आहेत. बागलकोटकडच्या कलादगी खडकांतही स्ट्रोमॅटोलाइट मिळतात आणि त्याच कलादगी समूहातले वालुकाश्म कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या बाजूला उघडे पडलेले आहेत.

स्ट्रोमॅटोलाइट स्वतः पाहायचे असतील, तर राजस्थानात उदयपूरजवळचं झामरकोट्रा आणि चित्तोडगडजवळचं भोजुंदा ही ठिकाणं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकं म्हणून जाहीर केली आहेत. पाहा, फोटो काढा, दगड मात्र तिथेच राहू द्या. जागेवरून हललेल्या दगडाची अर्धी माहिती तिथेच संपते.

कोयनेचं विवर: जुना खडक, आजचे जीव

काळ्या पाषाणाखाली काय आहे, याचं सर्वात थेट उत्तर कोयनेत मिळालं. कोयना धरणात १९६२ पासून पाणी साठवायला सुरुवात झाली आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. असे भूकंप का होतात, हे समजून घेण्यासाठी केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं तिथे खोल विवरं खोदण्याचा प्रकल्प हाती घेतला. कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे. २०१७ मध्ये गोठणे इथलं विवर तीन किलोमीटर खोलीपर्यंत गेलं. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण निघाला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट लागला, अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला.

या विवरांतून वर आलेल्या खडकांचा अभ्यास आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी केला. सूर्यप्रकाश नाही, मातीतलं अन्न नाही, उष्णता आणि दाब वाढत गेलेला. तरी त्या खडकांत जीवाणू आणि आर्किया या गटातल्या सूक्ष्मजीवांचा डीएनए मिळाला.

आता इथेच समाजमाध्यमांवर गल्लत होते. 'महाराष्ट्राखाली अडीचशे कोटी वर्षं जुने जीव सापडले' असं वाक्य कुणी लिहिलं तर ते चूक आहे. खडक अडीचशे कोटी वर्षं जुना आहे. जीव आजचे आहेत, भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर नंतर तिथे पोचलेले आणि तिथेच तग धरलेले. डीएनए इतका काळ टिकूच शकत नाही. जुन्या वाड्यात आज राहणारं कुटुंब वाड्याइतकं जुनं नसतं, तसंच हे.

पण कोयनेच्या शोधाचा पहिल्या जीवाशी संबंध नाही, असंही नाही. खडक आणि पाणी यांच्या क्रियेतून मिळणाऱ्या ऊर्जेवर काही सूक्ष्मजीव कसे जगू शकतात, हे अशा ठिकाणी समजतं. पृथ्वीच्या सुरुवातीच्या जीवांपैकी काही असेच जगत असावेत. शिवाय एक सावधगिरीही मिळते: जुन्या खडकात आजचे जीव शिरतात, म्हणजेच त्यांचा कार्बनही शिरतो. जुनी खूण शोधणाऱ्याला ही नवी खूण बाजूला काढता आली पाहिजे.

२०२५ ची नवी पद्धत

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेतल्या संशोधकांच्या नेतृत्वाखालील गटानं वेगळी वाट दाखवली. एखादा ठरावीक रेणू शोधण्याऐवजी त्यांनी नमुना तापवून त्यातून निघणाऱ्या हजारो तुकड्यांचा एकत्रित ठसा घेतला. आजच्या वनस्पती आणि प्राणी, जीवाश्म, उल्का, प्राचीन खडक असे ४०६ नमुने घेऊन संगणकाला जीवाचा ठसा आणि निर्जीवाचा ठसा यांतला फरक शिकवला. ओळखीच्या नमुन्यांत हा फरक नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखता आला.

मग संगणकानं दक्षिण आफ्रिकेतल्या ३३३ कोटी वर्षं जुन्या खडकात जीवाचा ठसा ओळखला, तर २५२ कोटी वर्षं जुन्या खडकात प्रकाशसंश्लेषणाचा. नाजूक रेणू तुटून गेले, तरी तुटलेल्या तुकड्यांच्या प्रमाणात खूण राहते, हे यातलं महत्त्वाचं. मर्यादाही स्पष्ट आहे. खडक जितका जुना, तितका ठसा पुसट. आणि संगणकाचं उत्तर शक्यतेच्या भाषेत असतं, 'हो' किंवा 'नाही' अशा निकालाच्या भाषेत नसतं.

पुढची बातमी आली की काय विचाराल?

१. खडक कोणता? गाळाचा की लाव्हाचा? लाव्हाच्या खडकात पहिल्या जीवाचा मूळ पुरावा असण्याची शक्यता फार कमी.

२. वय कशाचं सांगितलं आहे? खडकाचं की त्यातल्या खुणेचं? कोयनेचं उदाहरण आठवा.

३. खुणा किती प्रकारच्या आहेत? फक्त आकार? फक्त कार्बन? की आकार, रसायन आणि जागा तिन्ही जुळतात?

४. जीवाशिवाय असं होऊ शकतं का? संशोधकांनी ती शक्यता तपासली आहे का?

५. दुसऱ्या कुणी तपासलं का? पहिल्या बातमीपेक्षा पाच वर्षांनंतरची पुनर्तपासणी जास्त महत्त्वाची असते.

हे प्रश्न पृथ्वीपुरते नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये मंगळावरच्या एका खडकात 'संभाव्य जैविक खूण' मिळाल्याचं नासाच्या पर्सिव्हिअरन्स मोहिमेच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. अनेक मथळ्यांतून 'संभाव्य' हा शब्द गळाला. पण सगळा भार त्याच शब्दावर होता. इसुआच्या ग्राफाइटला जे विचारलं जातं, तेच मंगळाच्या खडकाला विचारावं लागणार आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बदलापूरच्या खदानीत जीवाश्म मिळूच शकत नाही का?
लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाचा थर असेल, तर त्यात ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचे वनस्पती किंवा प्राण्यांचे अवशेष असू शकतात. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीचे सूक्ष्मजीव मात्र तिथे मिळणार नाहीत.

दगडात झाडासारखी नक्षी दिसली तर?
बहुतेक वेळा ती खनिजाची असते. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला दाखवा. दगड फोडू नका, धुऊ नका.

पृथ्वीवर जीव नेमका कधी सुरू झाला?
सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वी जीव होते, याबद्दल आज फारसा वाद नाही. ३७० कोटींचा पुरावा दखल घेण्याजोगा आहे, पण त्यावर चर्चा चालू आहे. त्याआधीचे दावे अजून कच्चे आहेत.

याचा आपल्याला उपयोग काय?
आपण श्वासात घेतो तो प्राणवायू मुळात याच सूक्ष्मजीवांनी हवेत आणला. पृथ्वीवर जीव किती लवकर रुजला, हे कळलं की दुसऱ्या ग्रहांवर तो शोधायचा कुठे, याचाही अंदाज येतो.

पुढच्या वेळी बदलापूरला उतरलात, की स्टेशनबाहेरच्या डोंगरांकडे जरूर पाहा. ते जुने आहेतच. पण पृथ्वीच्या प्रवासात ते शेवटच्या एका किलोमीटरमधले आहेत.